अवांतर वाचन: तीन पुस्तकं, लालपरी आणि आजी

(ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी पूर्ण मजकूर इथं दिलाय. बोलतानाचे ‘अं’ आणि मागून ऐकू येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढून टाकल्यात.)

फराळ संपला का? आमच्याकडं डब्याच्या तळाशी फक्त शेवेचा चुरा उरलाय आणि लॅपटॉप उघडला तर चारशेच्या वर न वाचलेले मेल. म्हणजे सुट्टी अधिकृतपणे संपली.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले, ‘ताई, दिवाळीत काय वाचलं ते सांगा, यादी टाका.’ यादी टाकते, पण लहान आहे. नऊ दिवसांत तीन पुस्तकं. त्यातलं एक तर खरं म्हणजे पुस्तकही नाही, प्रस्तावना आहे. पण या तिघांमुळं तीन ठिकाणी फिरणं झालं. फोटो टाकून लाइक मिळवावेत अशी ती ठिकाणं नाहीत. तरी आजचा अख्खा भाग त्यावरच आहे.

कारण या सुट्टीत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आपल्या भागावरचं पुस्तक आपल्या हातात येतं तेव्हा ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं आपल्याच घरात कुणाकडं तरी असतं. काकांकडं, मामाकडं, आजीकडं. आणि पुस्तक कपाटात वाट बघत थांबतं, माणसं थांबत नाहीत.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी नांदेडची, आजोळ लातूर. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. आता नांदेड आणि लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात, एक गुरुद्वारा आणि दुसरं क्लासेस. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर तुम्ही कधी ना कधी ऐकलाच असेल. आमच्या दोन्ही गावांत पुस्तकाची कमी नाही. रस्त्यावर, दुकानात, झेरॉक्सवाल्याकडं, सगळीकडं पुस्तकं. फक्त ती चार पर्यायांची असतात. बाकी सगळ्याला एकच नाव, ‘अवांतर वाचन’. लहानपणी मला वाटायचं अवांतर म्हणजे काहीतरी आगाऊपणा असणार, कारण मोठी माणसं तो शब्द त्याच सुरात म्हणायची.

तर यंदा ठरवलं, सुट्टीत फक्त अवांतरच वाचायचं. आणि तेही आपल्याच भागाशी संबंध असलेलं.

पहिले चार दिवस नांदेडला होते. सकाळी पप्पांसोबत गोदावरीवर फिरायला जायचं, येताना इडली खायची, हा आमचा नेम. दिवाळीच्या तोंडावर नांदेडला असाल तर नगीना घाटाकडं जरूर जा. तख्तस्नानासाठी गुरुद्वाऱ्यात गोदावरीचं पाणी घागरी भरभरून नेतात. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यात असतात. आपल्या गावात राहून हे कधी बघितलेलं नसतं, असे कितीतरी नांदेडकर मला माहीत आहेत.

घरी आलं की पप्पा दिवाळी अंक घेऊन बसायचे. मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली काढला. म्हणजे ही सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्या घरात तिचा नियमही जुनाच आहे. अंक आधी पप्पा वाचणार, मग बाकीचे. मग मी काय वाचायचं? मी काकांच्या कपाटाकडं वळले.

तिथं ‘श्रीमान योगी’ होतं. रणजित देसाईंची शिवाजी महाराजांवरची कादंबरी. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी वाचलेली असेल, उरलेल्यांनी वाचायची ठरवलेली असेल. पण तिची प्रस्तावना किती जणांनी वाचली? मी हॉस्टेलवर कादंबरी वाचली तेव्हा सरळ पानं उलटून पहिल्या प्रकरणावर गेले होते. सगळे तेच करतात. ती प्रस्तावना म्हणजे नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना समजेल असं सांगायचं तर, तो एक जबरदस्त कोड रिव्ह्यू आहे. कोणतं साधन विश्वासाचं, कोणतं नाही, एखादी गोष्ट सगळे सांगतात म्हणून ती खरी धरायची का, चमत्कार बाजूला काढून ठेवले तरी महाराज मोठे का ठरतात, असं एकेक प्रकरण उलगडत ते जातात. आणि हे ते भक्तीनं डोळे मिटून करत नाहीत, तुच्छतेनं नाक मुरडूनही करत नाहीत. आदर आणि तपासणी एकाच वाक्यात नांदू शकतात, हे मला तिथं दिसलं. आज कुठल्याही कमेंट सेक्शनमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात का बघा.

आता कुरुंदकर कोण? नांदेडमध्ये हा प्रश्न विचारला तर काका लोक तुमच्याकडं फार दयेनं बघतात. जन्म १९३२, हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरचा. आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथंच प्राचार्य. इतिहास, राजकारण, धर्म, नाट्यशास्त्र, संगीत, कशावरही लिहायचे आणि बोलायचे. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला व्याख्यानाच्या कार्यक्रमातच गेले. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. पुण्या-मुंबईत न राहता, नांदेडमध्ये बसून सगळ्या महाराष्ट्राला विचार करायला लावणारा हा माणूस. आणि मी त्याच गावात बारावीपर्यंत राहिले, पण क्लासला जाताना त्यांचं नाव कधी कानावर पडलं नाही.

संध्याकाळी काकांना म्हटलं, ‘चला, कॉलेजवर जाऊन येऊ.’ काका पीपल्स कॉलेजचेच विद्यार्थी. सुट्टीमुळं आवारात शुकशुकाट होता. काका इमारती दाखवत होते, इथं लायब्ररी, इथं सायकलस्टँड. मी विचारलं, ‘तुम्ही कुरुंदकर सरांचं भाषण ऐकलंय ना? काय बोलले होते?’

काका हसले. म्हणाले, ‘विषय काय होता ते आठवत नाही बघ. पण भाषण संपल्यावर आम्ही चौघं सायकली हातात धरून चालत निघालो आणि रात्री एकपर्यंत चौकात उभं राहून भांडत होतो. त्यातल्या एकाशी तर पुढं दोन महिने बोललो नाही. आता तोच माझा सगळ्यात जवळचा दोस्त आहे.’

हे पुस्तकात नाही. एका भाषणानं चार पोरांना रात्री एकपर्यंत जागं ठेवलं, ही नोंद कुठल्याच ग्रंथात नसते. मी काकांना म्हटलं, आणखी सांगा. आणि काका, जे मला आजवर फक्त ‘पगार किती वाढला’ एवढंच विचारायचे, ते दीड तास बोलले.

पुस्तक क्रमांक दोन. भाऊबीजेला आई लातूरला मामाकडं निघाली, मीही तिच्यासोबत. नांदेड-लातूर लालपरी, लोहा, अहमदपूर, चाकूर करत. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आई फार खुशीत प्रवास करते. खिडकीतून सोयाबीनचे ढीग दिसत होते आणि प्रत्येक गावात कुणी ना कुणी पिशव्या घेऊन चढत होतं.

मामाच्या घरी पोचलं की आधी पाण्याची चौकशी होते, मग माणसांची. हसू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते आणि हॉस्टेलवरची पोरं मला विचारायची, ‘तुमच्याकडं पाण्याला रिझर्व्हेशन लागतं का?’ आता नळाला पाणी येतं, तरी आजी दोन टाक्या आणि एक पिंप कायम भरून ठेवते. त्या वर्षानं अख्ख्या गावाच्या सवयी बदलल्या.

माझा मामेभाऊ नीटची तयारी करतोय, दुसऱ्यांदा. भिंतीवर वेळापत्रक, त्यावर रंगीत पेनानं आखलेले तास. त्यात सकाळी सहा ते रात्री अकरा सगळं भरलेलं. मी गंमत म्हणून बायोलॉजीचं जाडजूड गाइड उचललं, तर खालून ‘पानिपत’ निघालं. विश्वास पाटलांची कादंबरी, १९८८ साली आलेली. तो एकदम दारापाशी गेला, मामी येत नाही ना बघायला.

म्हटलं, ‘अरे, कुठंपर्यंत आलास?’

म्हणाला, ‘ताई, तिसऱ्यांदा वाचतोय.’

मग मी त्याला विचारलं, उदगीरचा किल्ला बघितलास का? नाही. लातूरहून दोनेक तासांवर आहे आणि बघितला नाही. म्हटलं, ज्या भाऊसाहेबांसाठी तू तिसऱ्यांदा पानिपतला निघालायस, ते त्याच्या आधी उदगीरला होते. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामाला हरवलं. मराठ्यांच्या पदरात मोठा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला पडला. आणि लगेच उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये फौज परतूरहून उत्तरेकडं निघाली. परतूर म्हणजे आपलं तेच, नांदेडहून संभाजीनगरला रेल्वेनं जाताना लागतं ते. आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपत. उदगीरच्या विजयाला वर्षही झालं नव्हतं.

त्याच्या क्लासला दिवाळीमुळं एक दिवस सुट्टी होती. मामीनं ‘संध्याकाळी सहाच्या आत’ या अटीवर सोडलं. गेलो दोघं. उदगीर आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, २०२२ मध्ये ९५ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन तिथं झालं तेव्हापासून. पण किल्ल्यावर त्या दिवशी आम्ही, दोन कॉलेजची पोरं आणि भरपूर बकऱ्या एवढेच. खंदक मोठा आहे, तटबंदी अजून खणखणीत आहे. आत उदागिर बाबांची समाधी आहे, भिंतींवर फारसी शिलालेख आहेत. पाण्याची बाटली आणि टोपी सोबत न्या, सावली कमी आहे.

बुरुजावर बसलो. खाली गाव पसरलेलं. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘ताई, इथं जिंकल्यावर केवढा जल्लोष झाला असेल ना? आणि अकरा महिन्यांनी सगळे तेच लोक...’ पुढं काही बोलला नाही. थोड्या वेळानं खंदकाकडं बघतच म्हणाला, ‘मला तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची नाही. यंदा आलं तर आलं. नाही आलं तर मला इतिहास घेऊन बीए करायचंय. घरी कसं सांगू?’

हे मी त्याला विचारून इथं सांगतेय. तो म्हणाला, सांग, क्लासमधल्या आणखी चार जणांच्या मनात हेच आहे.

मी त्याला कुठलाही सल्ला दिला नाही. माझ्याकडं तो नव्हताच. मी स्वतः ठरलेल्या रस्त्यानं सरळ नोकरीपर्यंत गेलेली मुलगी. एवढंच म्हटलं की मामाला तू सांगशील तेव्हा मी फोनवर नाही, समोर बसलेली असेन. परतीच्या एसटीत तो झोपला, इतका गाढ की मला खांदा हलवता येईना. घरी मामीनं विचारलं, ‘काय रे, किल्ला बघून पेपरला काय उपयोग?’ तो म्हणाला, ‘काहीच नाही गं आई.’ आणि हसला. मामीही हसली. प्रश्न अजून सुटलेला नाही. पण तो प्रश्न आता गाइडाखाली दडवलेला नाही, निदान एका माणसाला माहीत आहे.

आता तिसरं पुस्तक. याबद्दल बोलायला मला जरा जड जातंय, म्हणून शेवटी ठेवलं.

लातूरचे लेखक अतुल देऊळगावकर यांचं ‘डळमळले भूमंडळ’. किल्लारीचा भूकंप आणि त्यानंतरचं पुनर्वसन यावरचं. देऊळगावकरांचं लॉरी बेकर या वास्तुकारावरचं पुस्तकही फार छान आहे, घर बांधणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. पण यावेळी मी हे घेतलं.

आपल्या वयाच्या लोकांसाठी थोडी माहिती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र होती, लोक थकून नुकतेच झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. ५२ गावं अशी मोडली की ती दुसरीकडं नव्यानं वसवावी लागली. आणि त्याआधी हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात धरला जायचा.

इतकी माणसं का गेली? याचं उत्तर घरांत आहे. आपल्याकडची जुनी घरं दगडमातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण दगड मातीत बसवलेले. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना नीट बांधलेली नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा राहतो. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडत जाते आणि वजन वाढत जातं. जमीन हलली तशा भिंती फाकल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. त्याच गावांत कुडाच्या, छपराच्या घरातली माणसं बरेचदा वाचली. म्हणजे ज्यांची घरं पक्की, मोठी, त्यांच्यावरच ती कोसळली. मी इंजिनिअर आहे, पण हे वाचताना मला दोनदा पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

आजी शेजारी मेथी निवडत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, पण ती स्वतः सांगते, ‘मी रझाकाराच्या धामधुमीतली.’ शाळा चौथीपर्यंत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. म्हणाली, ‘काय वाचलालीस माय एवढं?’

म्हटलं, ‘किल्लारीचं पुस्तक आहे, आजी.’

तिचा हात थांबला नाही. मेथी निवडतच राहिली. पाचेक मिनिटांनी म्हणाली, ‘मोठ्यानं वाच.’

आजीची धाकटी बहीण त्या ५२ गावांपैकी एका गावात दिलेली होती. ती, तिचे यजमान आणि एक मुलगा त्या रात्री गेले. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण एका ओळीत माहीत आहे. मी आत्ता सांगितलं तेवढंच. त्याच्यापुढं कुणी काही विचारलं नाही आणि आजीनं काही सांगितलं नाही. मामा तेव्हा कॉलेजात होता, भाकरीच्या गाठोड्यांची गाडी घेऊन तिकडं गेला होता. त्यानंही कधी तोंड उघडलं नाही. आणि आजी त्या गावाला पुन्हा कधीच गेली नाही.

मी दोन दुपारी तिला वाचून दाखवलं. मधे मधे ती ‘थांब’ म्हणायची. मी थांबायचे. मग ‘हं, वाच.’ माळवदाचं आलं तेव्हा म्हणाली, ‘बरोबर लिहिलंय.’ एका ठिकाणी मी विचारलं, ‘बंद करू का?’ तर म्हणाली, ‘पुस्तकवाल्यानं आपलं काम केलंय. त्याला घराघरातलं कसं ठाऊक असणार? ते ज्याचं त्यानं सांगावं लागतं.’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून तयार. ‘चल. म्हातारीला एसटी फुकट हाय, तुला अर्धं तिकीट. घरी बसून काय करायचं?’ पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, २०२२ पासून. आजी हे वाक्य एखाद्या जहागीरदारासारखं म्हणते. मामा काही न बोलता चप्पल घालून निघाला.

लातूरहून औसा, लामजना आणि मग किल्लारी. तिथल्या स्मारकापाशी उतरलो. दरवर्षी ३० सप्टेंबरला इथं श्रद्धांजली वाहतात, तेवढा एक दिवस गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. आजीनं हात जोडले आणि म्हणाली, ‘हिचं गाव पुढं आहे.’ रिक्षा केली.

आधी नवं गाव लागलं. सरळ रेषेत रस्ते, रांगेत घरं, प्रत्येक घरापुढं लोकांनी आपापल्या हिशेबानं पत्रे टाकून ओटे, चुली, गोठे वाढवलेले. आजी बघत होती. म्हणाली, ‘रस्ते मोठे केलेत. पण एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात ऐकू येत नसंल.’ तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

मग जुनं गावठाण. बाभळी, गवत आणि दगडांचे ढीग. मला तर सगळे ढीग सारखेच दिसत होते. आजीनं पिंपळ शोधला. पिंपळापासून ती पावलं मोजत गेली, मामा तिचा हात धरून. एका ठिकाणी थांबली. बसली. आणि बोलायला लागली.

मी विचारलं, ‘आजी, रेकॉर्ड करू?’ ती म्हणाली, ‘कर.’ अडतीस मिनिटं ती बोलली. बहिणीबद्दल, तिच्या लग्नाबद्दल, दोघी मिळून केलेल्या एका चोरीबद्दल, त्या पहाटेबद्दल, लातूरच्या घरात भांडी पडली तेव्हाबद्दल. मामाही बोलला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शेवटी आजीनं माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं आणि म्हणाली, ‘हे तुझ्या त्या कार्यक्रमात गावाला ऐकवायचं न्हाई. हे आपलं हाय.’

मंडळी, खरं सांगते, पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला अशी अडतीस मिनिटं आयुष्यात एकदा मिळतात. परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एडिटिंगसुद्धा सुरू झालं होतं. पण ‘न्हाई’ म्हणजे नाही. ते रेकॉर्डिंग तुम्हाला कधी ऐकू येणार नाही. ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आहे आणि तेवढंच राहील.

रात्री मी आजीला विचारलं, ‘काहीच सांगू नको का?’ तिनं विचार केला. म्हणाली, ‘एवढं सांग. तिच्या माळवदावर उडदाच्या शेंगा वाळत होत्या. विसर्जन झालं की उडीद घेऊन येते म्हणाली होती.’

तर ते मी सांगितलं.

आता जाता जाता थोडं कामाचं. कारण मला माहीत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असं कुणीतरी आहे.

पहिलं, पुस्तक शोधा. आपल्या तालुक्यावर, आपल्या नदीवर, आपल्याकडच्या दुष्काळावर, मुक्तिसंग्रामावर कुणी ना कुणी लिहिलेलं असतं. मुक्तिसंग्रामासाठी अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ बघा. १७ सप्टेंबरला झेंडावंदन का होतं, हे पुण्यातल्या मित्रांना समजावताना उपयोगी पडेल. दुकानात मिळालं नाही तर गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जा. तिथले ग्रंथपाल तुम्हाला बघूनच इतके खूश होतील की पुस्तक कुठूनही काढून देतील.

दुसरं, मोठ्यानं वाचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, अक्षरं लहान वाटतात, किंवा वाचताच येत नाही. पण ऐकू येतं. तुम्ही थेट ‘तेव्हाचं सांगा’ म्हटलं तर ती माणसं ‘काय सांगायचं त्यात’ म्हणून गप्प बसतात. पुस्तकातलं काही वाचून दाखवलं की मात्र ती तुमची चूक दुरुस्त करायला म्हणून बोलायला लागतात.

तिसरं, रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा आणि नंतर परत विचारा. दोन्ही वेळचं उत्तर वेगळं असू शकतं. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्या जवळ ठेवा आणि मधे बोलू नका. फाइलला नाव, गाव, तारीख द्या, नाहीतर वर्षानं ती सापडणार नाही. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आमच्या धंद्यात म्हणतात, ज्याची एकच प्रत आहे ती गेलीच असं समजा. माणसांच्या आठवणींची तर बहुतेक एकच प्रत असते.

पुढची लांब सुट्टी आता थेट उन्हाळ्यात. आजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी आहे. ती म्हणते, ‘डोळा नीट झाला तरी वाचून तूच दाखवायचं.’ पुढचं पुस्तक कोणतं घेऊ, हे तुम्ही सुचवा. तुमच्या गावावरचं असेल तर फारच छान.

चला, मेल वाट बघतायत. भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, आणि जमलं तर मोठ्यानं वाचा.